ताणाच्या महिन्यातलं पाणी

आमच्या घरचा हिवाळा गळलेल्या संत्र्यांवर निघायचा. हे मी नागपूरला हॉस्टेलात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मजा होती की मग तुमची." मजा नव्हती. पोटात सकाळची अर्धी भाकर, ओठांचे कोपरे थंडीनं चिरलेले आणि त्यावर आंबट रस. गळलेलं संत्रं एका बाजूनं दबलेलं असायचं. ती बाजू माय दातानं तोडून थुंकायची आणि उरलेलं मला द्यायची. झोंबायचं, पण मी रडत नसे. थोड्या वेळानं झोंबणं आपोआप थांबतं, हे मला लवकर कळलं होतं.

गाव नरखेड तालुक्यातलं. माझे आईवडील, म्हणजे माय आणि बा, दोघंही एकाच मालकाच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला होते. दोघांची कामं वेगळी. बा झाडांना पाणी द्यायचा. विहिरीवरचं इंजिन दुसरा माणूस चालवायचा. पाटानं पाणी आलं की फावड्यानं ते एकेका झाडाच्या आळ्यात वळवायचं, हे बाचं काम. छप्पन सालापर्यंत तहान लागली की तो त्याच पाटाला तोंड लावायचा, कारण विहिरीवर चढायची त्याला परवानगी नव्हती. छप्पन साली तो नागपूरला पायी गेला, दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून घरून मडकं न्यायला लागला. मालकाच्या पाण्याचा थेंब त्यानं पुन्हा तोंडात घातला नाही. झाडांना मात्र तेच पाणी देत राहिला.

माय रोपवाटिकेत. तिथं जंबेरीची रोपं असायची. जंबेरी म्हणजे रानवट, काटेरी लिंबू. त्याचं रोप बोटाएवढं जाड झालं की सालीला छेद द्यायचा, त्यात संत्र्याच्या काडीचा डोळा बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या चिवट सालीनं, घट्ट बांधायचं. चाकू चालवायचे पुरुष. बांधायच्या बाया. सोपट रात्रभर पाण्यात भिजलेलं असायचं, आणि हे काम थंडीतलं. सकाळी सकाळी मायची बोटं निळसर पडायची. मी विचारलं तर म्हणायची, "बधिर झाले का बरं वाटते वं. मंग दुखत नाई."

मी शाळेच्या वरच्या वर्गांत होते तेव्हा सरकारनं भूमिहीनांना जमिनी वाटल्या. आमच्या वाट्याला नाल्याकाठचा दोन एकरांचा तुकडा आला. माती काळी, चांगली. पण तुकडा खोलगट. तीन बाजूंनी उतार आणि मध्ये आमची जमीन, परातीच्या बुडासारखी. हिवाळ्यात गावभर थंडी असली की तिथं जास्त असायची. वरच्या शेतात गवत नुसतं ओलं, आमच्या तुकड्यात पांढरं.

मालकाच्या विहिरीवरचा इंजिनवाला बाच्या वयाचा, वीस वर्षांचा सोबती. तो जमीन बघायला आला, खाली उतरला, खांदे आखडून उभा राहिला आणि म्हणाला, "तुले जमीन नाई दिली गा सरकारनं. थंडी वाटली."

बा हसला नाही.

"ज्वारी पेर," इंजिनवाला म्हणाला. "थंडी उतारावरून पाण्यावानी येते अन् इथं बसते. ज्वारीले चालते थे. संत्र्याचं मनात आणू नको."

बाच्या मनात संत्र्याचंच होतं. तो मायजवळ एकदाच बोलला, मी भाकरी खात शेजारी बसले होते. "ज्वारी पेरली तं मी जमीनवाला मजूर. बगीचा लावला तं बगीचेवाला." आमच्याकडे या शब्दाला काय वजन होतं ते बाहेरच्याला सांगावं लागतं. बगीचेवाला आला की माणसं खाट पुढं करत. आमच्या वस्तीतल्या कोणाला कोणी खाट पुढं केल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाला एवढंच पाहिजे होतं. ज्वारीवर पोट भरलं असतं, पण बाला ज्वारी नको होती.

मालकाकडे विकून उरलेली कलमं होती, वाकडी, बारकी. ती बानं मागून आणली आणि पावसाळ्यात लावली. दोन ओळी, पन्नासेक झाडं. प्रत्येकाला आळं केलं. नाल्यात झिरा खोदला, म्हणजे वाळूत खड्डा. त्यात पाणी पाझरून जमतं. तिथून कावडीनं दोन पिपे भरून आणायचे. दिवाळीपर्यंत पानं मोठी झाली, गडद झाली. शाळेतून येताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं यायचे. मला अभिमान वाटायचा आणि तो मी लपवत नसे.

मग मार्गशीर्ष आला आणि बानं पाणी तोडलं.

संत्र्याच्या मुलखात हे कोणाला सांगावं लागत नाही. त्या महिन्यात झाडाला पाणी द्यायचं नसतं. दीडेक महिना कोरडं ठेवायचं, पानं थोडी मलूल पडू द्यायची, थंडी लागू द्यायची. याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की पुढं पाणी सोडल्यावर झाड फुलांनी भरतं. वीस वर्षं बा त्या महिन्यात फावडं धुऊन ठेवत आला होता. मालकाचं इंजिन बंद, पाट कोरडे, बाच्या हाताला दुसरं काम. आता स्वतःची झाडं होती, महिना तोच आला, त्यानं कावड भिंतीला टेकवून ठेवली. ताण फळावर आलेल्या झाडांना द्यायचा असतो, सहा महिन्यांच्या कलमांना नाही, हे त्याला माहीत नव्हतं. रोपांचं पाणी त्याच्याकडे कधी नव्हतंच. रोपांना पाणी माय द्यायची, टमरेलानं. बा झाडांचा माणूस. कलमं शेतात लागली की ती झाडं झाली, आणि झाडं झाली की बाची झाली.

त्या वर्षी थंडी सलग तीन दिवस पडली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. पानं उकडलेल्या भाजीसारखी दिसत होती, काळपट हिरवी, लोंबलेली. बा पहिल्या झाडाजवळ बसला, अंगठ्याच्या नखानं खोडाची साल खरवडली. आत तपकिरी. दुसऱ्याजवळ गेला. तपकिरी. तो एकेक करत दोन्ही ओळी संपवून आला. मी मागं उभी राहून बघत होते. मला काही वाटायला पाहिजे होतं. माझ्या पायाची बोटं गार पडली होती आणि मी त्यांचाच विचार करत होते.

परत वर चढताना माय म्हणाली, "कलमंच कच्ची होती. मालकाच्या बगीच्यात खालच्या कोपऱ्यात एक झाड हाय. त्याले कोणत्याच थंडीनं काई होत नाई. त्याचे डोळे पाह्यजेत."

बानं मान हलवली. एवढं बोलणं झालं.

त्याच हिवाळ्यात मायनं अंगणात मोरीजवळ जंबेरीच्या बिया टाकल्या. उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी नागपूरला सायन्सला गेले. हॉस्टेलात खाट होती, गादी होती, दोन वेळ जेवण होतं. पहिल्या आठवड्यात मला त्या गादीवर झोप येईना, म्हणून मी खाली फरशीवर झोपत होते. नंतर सवय झाली.

पुढच्या हिवाळ्यात मी घरी आले तेव्हा रोपं बोटाएवढी झाली होती. माय मालकाकडे डोळे मागायला गेली, मी सोबत.

मालक ओसरीवर बसले होते. "काहून वं, त्याच झाडाचे काहून?"

"थे थंडीत टिकते, मालक."

"कोणं सांगितलं तुले?"

"पाहून राहिली ना इतके वर्षं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे, हातातल्या पुस्तकाकडे. "कॉलेजवाल्या पोरीनं सांगितलं असंल. ने बाई. डोळेच ने, झाड नेशील उपटून."

चाकू चालवायला कोणी आला नाही. बगीच्यातल्या कलमकाराला दोनदा निरोप दिला, तो हो म्हणाला आणि आला नाही. तिसऱ्या दिवशी मायनं विळ्याचं मोडकं पातं दगडावर घासून धार केली आणि जंबेरीसमोर मांडी घातली. वीस वर्षं तिनं फक्त बांधलं होतं. छेद तिनं कधी दिला नव्हता. पहिला छेद खोल गेला, दुसरा वाकडा. तिसऱ्याला साल अलगद सुटली. साठ रोपांवर तिनं डोळे बसवले आणि तिनंच बांधले. त्यातले चाळीसेक फुटले.

पावसाळ्यात ती कलमं खोलगटात लागली. बानं जुनी आळी पुन्हा केली. जुन्या झाडांची खुंटं त्यानं तेव्हा उपटली, दीड वर्षांनी.

दुसऱ्या वर्षाला आमचे बॉटनीचे सर वनस्पती आणि थंडी शिकवत होते. शिकवून झाल्यावर मी उभी राहिले आणि मायच्या झाडाचं विचारलं. वर्गात मी फार बोलत नसे. बोलले की गावाकडचा हेल येई आणि मागच्या बाकावर कोणी तरी हसे. त्या दिवशी मला त्याची फिकीर नव्हती. सरांनी विचारलं, "ते झाड उभं कुठं आहे?"

"खालच्या कोपऱ्यात, सर."

"मुळाशी ओल असते का?"

मी आठवलं. रोपवाटिकेसाठी विहिरीचा हौद ताणाच्या महिन्यातही भरलेला असायचा, आणि तो पाझरून ते पाणी त्या कोपऱ्यातून नाल्याला जायचं. बाराही महिने तिथं चिखल. मी तिथं पाय धुतले होते.

सर म्हणाले, "मग झाडाचं कौतुक आत्ताच करू नका. ओली जमीन दिवसभराचं ऊन धरून ठेवते आणि पहाटे हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली जमीन काही धरत नाही. कदाचित झाड काटक असेल. कदाचित नुसतं पाणी असेल."

मी खाली बसले. वहीत मी ते लिहून घेतलं, अक्षर चांगलं आलं आहे. त्याखाली मी एक रेघ मारली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. महिनाभरात पाणी तोडायची वेळ येणार होती, सांगणं भागच होतं. सांगायचं कसं, याचा मी विचार केला नाही. मी शिकलेली होते, मला बरोबर उत्तर माहीत होतं. संध्याकाळी अंगणात बा आणि इंजिनवाला विड्या ओढत बसले होते. इंजिनवाला म्हणाला, "काय वं कॉलेजवाली, काय शिकवते तिथं?"

मी सांगितलं. ओली जमीन, कोरडी जमीन, ऊन, पहाट. सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बा, झाडं थंडीनं नाही मेली. तू पाणी तोडलं म्हणून मेली."

इंजिनवाल्यानं विडी तोंडातून काढली. "म्हंजे पाणीवाल्यालेच पाणी नाई समजलं म्हणते पोरगी," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्यात वाईट नव्हतं. बा उठला, विडी विझवून कानावर ठेवली आणि आत गेला.

चुलीजवळ मायला मी म्हणाले, "तू तरी सांग त्याला. लहान झाडांना ताण देत नाहीत."

"मले माईत हाय," माय म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"रोपाले ताण देत नाई. मी रोपाचीच बाई होय."

"तेव्हाही माहीत होतं? मग काहून नाही सांगितलं?"

ती भाकर उलटवत होती. "झाडाचं पाणी त्याचं होतं. सांगीन सांगीन म्हणता म्हणता मेली झाडं. मंग सांगून काय करू? त्याच्या हातानं मेली म्हणू? म्हणून म्हणलं, कलमं कच्ची होती. दुसरं झाड हाय, त्याचे डोळे पाह्यजेत. त्याले पुन्हा लावता आलं पाह्यजे ना." मग तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. "औंदा मीच घालणार होती पाणी. दुपारचं, तो मजुरीले गेला का. गुपचूप. तू सरळ बोलून मोकळी झाली."

उरलेल्या सुट्टीत बा माझ्याशी बोलला नाही. रागानं नाही. माझ्याकडे बघून तो दुसरीकडे बघायचा, एवढंच. मी नागपूरला परतले. मला वाईट वाटतंय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. मी अभ्यास केला. त्या सहामाहीत मला चांगले मार्क पडले.

डिसेंबरात थंडी पडली. हॉस्टेलच्या नळाचं पाणी हाताला चावायला लागलं तशी मी दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. फाट्यावर उतरले तर इंजिनवाला भेटला, सायकल हातात धरून चाललेला.

"तुझ्या बाले समजाव वं," तो म्हणाला. "ताणाच्या महिन्यात पाणी घालून राहिला. अख्खं गाव पाहून राहिलं. वीस वर्षं पाणी दिलं ना त्यानं, लोक म्हणतात, येडा झाला."

"कधीपासून?"

"महिना झाला. रोज दुपारी. मी बी म्हणलं, काहून गा, पोरीचं ऐकलं का? तं म्हणते, 'माझं झाड हाय.'"

मी सरळ शेतात गेले. बा कावड घेऊन झिऱ्यावरून वर येत होता. वरच्या रस्त्यानं बैलबंडी चालली होती आणि बंडीवरचा माणूस ओरडून म्हणाला, "ओ पाणीवाले, औंदा बहार नाई धरायचा का?" बानं मान वर केली नाही. मालकाच्या बगीच्यात त्या दिवसांत एक पाट ओला नव्हता. तो एक कोपरा सोडला तर सगळ्या शिवारात ओली जमीन आमचीच.

माय कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि गवत बांधून प्रत्येक झाडाला आडोसा करत होती. तीन बाजू बंद, उगवतीची उघडी, सकाळचं ऊन आत यावं म्हणून. पिशवी बांधावर ठेवून मी तिसरा पिपा उचलला. पाणी कमरेवर सांडलं. बा पुढं, मी मागं. तो आळ्यात पाणी ओतायचा, मी पुढच्या आळ्यात. ऊन उतरेपर्यंत दोन्ही ओळी झाल्या. माझे हात पहिल्या दहा फेऱ्या दुखले, मग दुखायचे थांबले.

सकाळी उजाडल्यावर आम्ही उतरलो. इंजिनवालाही आला, मफलर डोक्याला गुंडाळून. बांधावरचं गवत पांढरं होतं, पायाखाली करकरत होतं. बा पहिल्या झाडाशी बसला. आडोसा बाजूला केला. वरच्या दोन पानांच्या कडा करपल्या होत्या. त्यानं अंगठ्याचं नख खोडाला लावलं आणि थांबला. मग खरवडलं.

हिरवं.

इंजिनवाल्याचा विश्वास बसेना. त्यानं दुसऱ्या झाडाला नख लावलं, तिसऱ्याला लावलं. "हिरवंच हाय गा," तो म्हणाला. चौथ्याकडे वळला तेव्हा बा म्हणाला, "सगळेच सोलतं का आता?"

"पण झालं कसं?"

बानं माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आधी माय बोलली, "मी म्हणलं नव्हतं? त्या कोपऱ्यातल्या झाडाचे डोळे हायत. थंडीचं झाड हाय थे."

इंजिनवाल्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का वं? तू तं पाणी म्हणत होती."

"झाडच काटक आहे," मी म्हणाले.

बा उठला, हाताची माती झटकली. "घरी जाऊन चहा ठेव वं," तो मला म्हणाला. दिवाळीनंतर तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी जाऊन चहा ठेवला.

तो डोळा काटक होता की ती ओल होती, हे मला आजही सांगता येणार नाही. बॉटनीत पदवी घेऊनही सांगता येणार नाही. ते तपासायचं तर एक ओळ कोरडी ठेवून बघावी लागली असती, आणि तसं करून बघायचं आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. झाडं फळावर येईपर्यंत बानं त्यांना एकदाही ताण दिला नाही. त्याला हसणारे हळूहळू हसायचे थांबले. का थांबले, त्याचं कारण कोणी सांगितलं नाही. लोक दुसऱ्या गोष्टींवर हसायला लागले असतील.

मी त्याची माफी मागितली नाही. त्यानंही तो विषय काढला नाही. पदवीदानाला तो नागपूरला आला होता, नवं धोतर नेसून, मडकं नव्हतं हातात. मी काळा गाऊन घालून त्याच्या शेजारी उभी राहिले तेव्हा मला गहिवरून यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्यानं गाऊनची बाही दोन बोटांत धरून पाहिली, सोपट भिजलंय का हे पाहावं तशी. "जाड हाय," तो म्हणाला. मी हो म्हणाले.

पुढं झाडं फळली. पहिला तोडा झाला त्या हिवाळ्यात मी गावी होते. काही कामानं बा मालकाच्या घरी गेला, मी सोबत. ओसरीवर चारपाच माणसं बसली होती. मालकांनी वर पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "बगीचेवाले आले, खाट टाक." गड्यानं खाट टाकली. बा बसला. फार वेळ बसला नाही.

नाल्याकाठच्या खोलगट जमिनीत, जिथं संत्रं जगत नाही म्हणत, तिथं आमची चाळीस झाडं उभी राहिली आणि फळली. माझा बाप बगीचेवाला झाला. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.